पारूबाईची पंच्याहत्तर मडकी

देवगाव रंगारी
१८ जानेवारी २०२५

जमिला,

पारूचा रामराम.

तुझी यादी राजेंद्रच्या जीपमधून पोचली. ‘श्री. कडुबा कुंभार यांस. यंदा दोन लिटरची पंच्याहत्तर मडकी हवीत. जमिनीत पुरायची, गळा अरुंद, वर झाकण. एप्रिल लागायच्या आत.’ दरवर्षी तू असंच लिहितेस आणि दरवर्षी मालक ती यादी चाकाशेजारच्या खिळ्याला अडकवतात. यंदा ती मी अडकवली. का, ते सांगायला मला दोन महिने उशीर झालाय. तेव्हा आधी पोटभर शिव्या देऊन घे आणि मग पुढं वाच.

दिवाळीनंतर मालकांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आता चालतात, जेवतात, सगळं समजतं. बोलायला गेले की शब्द निघत नाही, मग रागानं तोंड फिरवतात. तुला कळवलं नाही, कारण तू नर्सरी तशीच टाकून धावत आली असतीस आणि माझ्याआधी रडायला बसली असतीस. मला तेव्हा रडायला वेळ नव्हता. फोन म्हणशील, तर तो राजकुमारच्या खिशात आणि राजकुमार वाळूजच्या कंपनीत. शिवाय दोन खोल्यांच्या घरात, मालक कान देऊन पडलेले असताना त्यांच्या हाताबद्दल मी फोनवर कुणाशी आणि कशी बोलणार? पत्र बरं. शाळेत तुझं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं, ते अजून तसंच आहे हे बघून बरं वाटतं.

राजकुमार म्हणाला, “आई, जमिलामावशीला नाय म्हणून कळव. भट्टी मोडू. जागा कुणाला तरी गोदामाला देऊ. तुला आता हे झेपायचं नाय.” पोरगा वाईट नाही. बापाला उचलून उचलून त्याची पाठ गेली आहे, आता आईला उचलायची वेळ येईल म्हणून घाबरलाय.

पण संक्रांतीची सुगडं गावानं आपल्याकडूनच नेली की नाही? ती मी केली, जमिला. दार लावून. आमच्यात बाईनं चाकाला शिवायचं नसतं. माती तुडवायची, गेरू लावायचा, गोट्यानं घोटून चकाकी आणायची, भट्टी रचायची, बाजारात बसायचं, हे सगळं बाईचं. चाक तेवढं पुरुषाचं. आता आमचं चाक विजेचं आहे, बटण दाबलं की फिरतं. बटणाला बाईनं शिवू नये असा नियम मी तरी ऐकलेला नाही.

राजकुमारशी मी बोलून घेतलं आहे. तुझी पंच्याहत्तर मडकी मी केली आणि ती तुझ्याकडं पास झाली, तर भट्टी राहील आणि ती माझी राहील. नाही जमलं, तर मे महिन्यात भट्टी मोडायची आणि मी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तेव्हा मागणी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी करते. मला करता येतं.

तुझी,
पारू


छावणी
२३ जानेवारी २०२५

पारू,

सलाम आणि शिव्या, दोन्ही घे.

शिव्या इतक्या मोठ्यानं दिल्या की बाहेर पत्र्याच्या झाऱ्या ठोकत बसलेले आमच्या उजमाचे अब्बा हातोडी टाकून आत आले. म्हणाले, “किसकू बोल रई इत्ता?” मी पत्र पुढं केलं. त्यांनी वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले. दाजींनी त्यांना एकदा सांगितलं होतं म्हणे की झारीला भोकं पाडताना खिळा आतून बाहेर मारावा, म्हणजे धार सरळ पडते. तेव्हापासून ते तशीच मारतात. दाजींना त्यांचा सलाम सांग. मी येणारच आहे, पण रोजे आणि ईद झाल्यावर, कारण आत्ता नर्सरी सोडली तर इथं रोपांची होळी होईल.

मागणी तुझीच. पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर. मडकी करणारे इथं शहराच्या कडेलाही आहेत, पण त्यांचं मडकं एक तर दोन दिवसांत गळून रिकामं होतं नाही तर पावसाळ्यापर्यंत तसंच भरलेलं राहतं. मला देवगावचंच लागतं.

यंदा मी जरा मोठा घास घेतला आहे, तो तुला माहीत असायला हवा. आमच्या नळाला पाणी आठवडा-आठवड्यानं येतं. लोक गच्चीत झाडं लावतात हौसेनं आणि एप्रिल लागला की माझ्याकडं येऊन रडतात. म्हणून पंचवीस घरांना मी शब्द दिला आहे, घरटी तीन मडकी. झाडाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, झाकण ठेवायचं. मडकं सहा-सात दिवस हळूहळू झिरपत रिकामं होतं आणि झाडाच्या मुळ्या त्याला बिलगून पाणी पितात. शेजाऱ्यानं आठवड्यातून एकदा भरलं की झालं. ‘मे महिन्यात घराला कुलूप लावून खुशाल गावाला जा, झाड जगलेलं सापडेल,’ असं मी छातीठोक सांगितलं आहे. एक सोनिया मॅडम आहेत, शाळेत शिकवतात. त्यांच्या गच्चीत ड्रममध्ये मोगरा आहे, कन्नडच्या माहेरच्या अंगणातून आणलेला. ते माहेर आता विकलं गेलं आहे. त्यांनी मला तीनदा विचारलं, “नक्की ना?” मी तीनदा “नक्की” म्हटलं.

तेव्हा बटण दाब आणि बस.

तुझी,
जमिला


देवगाव रंगारी
२४ फेब्रुवारी २०२५

जमिला,

पहिली तीस मडकी राजेंद्रच्या हाती पाठवली आहेत. कडब्यात नीट गुंडाळली आहेत, पण उतरवताना तू स्वतः उभी राहा. तो चांगला माणूस आहे, मात्र त्याला मडकं आणि बटाट्याचं पोतं यातला फरक कळत नाही.

आता फुशारकी ऐक. पहिली नऊ वाकडी झाली, ती मोडून पुन्हा मातीत कालवली. दहावं उभं राहिलं. त्यानंतर हात बसला. तीस वर्षं शेजारी बसून बघत होते, हाताला ठाऊक होतंच, फक्त कुणी विचारलं नव्हतं. माती मी जुन्या लुगड्यातून दोनदा गाळून घेतली, अगदी मैद्यासारखी. मालक नेहमी तुझ्या मडक्यांच्या मातीत भुसा नि राख टाकायचे, मला ते कधी आवडलं नाही. वर म्हणायचे, “जमिलाची हायेत, घोटू नको.” मातीत पुरायची, कोण बघतंय, म्हणून अंग चोरतात असं मला वाटायचं. मी अंग चोरलं नाही. गेरू लावला आणि प्रत्येक मडकं गोट्यानं घोटलं, तोंड दिसेल इतकं. पुरुषाच्या हातचं कसंही चालून जातं. बाईच्या हातचं मडकं लोक उलटंपालटं करून बघतात.

दार लावून काम करायचं ठरवलं होतं, पण फेब्रुवारीतच घरात भट्टीसारखं होतं, म्हणून उघडलं. आमची चुलत सासू गोजरबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “पारे, लई धीट झालीस गं,” म्हणाली. मी म्हटलं, “व्हय, झाले.” मग तीच बसून माती मळू लागली.

एकच वाईट वाटतं. मी घोटायला बसले की मालक खाटेवर अस्वस्थ होतात. डाव्या हातानं खाट बडवतात, मान हलवतात, डोळ्यांत पाणी येतं. माझ्या हातात त्यांचं काम बघवत नसेल. एवढी वर्षं ज्या जागी बसले तिथं बायको बसलेली बघायची, सोपं नाही. म्हणून मी त्यांची खाट रस्त्याकडं तोंड करून फिरवली. तिकडं येणारे-जाणारे दिसतात, जीव रमतो.

मडकी बघ आणि मला खरं काय ते कळव. राजकुमार तुझ्या पत्राची वाट बघतो आहे, माझ्यापेक्षा जास्त.

तुझी,
पारू


छावणी
१० मार्च २०२५

पारू,

उत्तराला उशीर झाला. रोजे चालू आहेत, त्यात रोपांची गर्दी.

तुझी मडकी! काय सांगू? कडब्यातून काढली तेव्हा नर्सरीत असलेली गिऱ्हाइकं पुढं झाली. एक बाई म्हणाल्या, ही पुरायची कशाला, दिवाणखान्यात ठेवू. एकही फुटलेलं नव्हतं. आकार एकसारखा, गळा एकसारखा. मी ती भरून ठेवली होती, चार दिवसांनी बघितलं तर एक थेंब गळाला नव्हता. उजमाच्या अब्बांनी एक मडकं हातात घेऊन कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवला.

बाकीच्यांची घाई करू नकोस. तब्येत सांभाळ, दाजींकडं बघ. माझं इथं कसंही निभतं.

दाजींना सलाम, राजकुमारला दुवा.

तुझी,
जमिला


देवगाव रंगारी
२२ मार्च २०२५

जमिला,

उरलेली पंचेचाळीस पाठवली. मी कसली थांबते!

तुझं पत्र आलं तेव्हा राजकुमार सुट्टीवर होता. मी त्यालाच वाचायला दिलं. ‘एक थेंब गळाला नव्हता’ हे त्यानं दोनदा वाचलं. मग उठला, भट्टीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “आई, ऱ्हाऊ दे मग भट्टी.” एवढंच. नंतर विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला. मीही धुतलं.

ही पंचेचाळीस आधीच्यांहून सरस आहेत. माती तीनदा गाळली. एकेक मडकं दोन दोन वेळा घोटलं. माझी बोटं सोलून निघाली, पण तुझ्या पंचवीस घरांमध्ये देवगावचं नाव निघालं पाहिजे. पुढच्या वर्षी दीडशे माग, मी नाही म्हणायची नाही.

ईदला शीरखुर्मा करशील तेव्हा माझा वाटा काढून ठेव. मालकांना शहरात दवाखान्यात दाखवायचं आहे, तेव्हा येईन.

तुझी,
पारू


देवगाव रंगारी
५ एप्रिल २०२५

जमिला,

परवा मी नर्सरीत येऊन गेले. तू बाहेर होतीस, उजमानं सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर तिला रागावू नकोस. तिनं शीरखुर्मा दिला, पाणी दिलं. पाणी ज्या मडक्यातून दिलं ते माझं होतं. नळाशेजारी माझी मडकी भिंतीला रांगेनं लावलेली होती. मी मोजली, पाण्याचं धरून त्रेसष्ट. मी विचारलं, “अगं, ही अजून इथंच कशी?” पोरगी खोटं बोलायला शिकलेली नाही, तुझ्यासारखी. म्हणाली, “खाला, ये मटके पानीच नई छोडते. बारा पुरले होते, तिथली झाडं वाळायला लागली. अम्मी बोली, खालाकू नको बोलना.”

मी उठले आणि मालकांना घेऊन एसटी स्टँडवर आले.

जमिला, मडकी चुकली त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. चुकतात. तुझं वाईट वाटलं. २०१९ साली मालकांची अकरा मडकी तू परत पाठवली होतीस. सोबत पत्र होतं, ‘दाजी, ही दोन दिवसांत रिकामी होतात, माझ्या कामाची नाहीत, बदलून द्या.’ मालक दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चाकावर बसले आणि पुन्हा केली. ते पत्र अजून खिळ्याला आहे. आला-गेला कुंभार दिसला की त्याला दाखवायचे, “बघ, शहरातली गिऱ्हाइकं कशी तपासून घेत्यात.” माझं एकही मडकं परत आलं नाही. मला तू ‘दिवाणखान्यात ठेवावी अशी’ म्हणून लिहिलंस. तू मला कुंभार समजलीच नाहीस. आजारी माणसाची बायको समजलीस आणि कीव केलीस.

तुझ्या त्या गोड पत्रावर मी आणखी पंचेचाळीस केली, आणखी घोटून. राजकुमारनं त्या पत्रावर भट्टी ठेवायचं कबूल केलं. आता मी त्याला काय सांगू?

बरं, सगळं जाऊ दे. मडकी कशी चुकली ते मला नीट लिही. गोड लिहू नकोस.

पारू


छावणी
८ एप्रिल २०२५

पारू,

तुझं पत्र वाचून मी रडले, आणि उजमाच्या अब्बांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. नंतर म्हणाले, “झूट बोलके उसका काम तू बिगाडी. मेरी झारी गळकी निकली तो मेरेकू कोन बोलेगा? अल्ला बोलेगा क्या?” त्यांचं खरं होतं. ते पहिल्या दिवसापासून सांगत होते.

मी चुकले, पारू. मला भीती वाटली की मी ‘परत घे’ म्हटलं आणि तुझी भट्टी मोडली तर ते पाप माझ्या माथी येईल. मी तुला वाचवायला गेले आणि तुझेच दोन महिने मातीत घातले. मला माफ कर. नाही केलंस तरी खालचं वाच.

तुझ्याकडून आलेल्या पंच्याहत्तर मडक्यांपैकी बारा मी चार घरांत पुरली. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर पाणी दोन बोटंसुद्धा उतरलं नव्हतं. भोवतालची माती कोरडी ठणठणीत. दोन कढीपत्ते आणि एक लिंबू गेलं. सोनिया मॅडमच्या मोगऱ्याची पानं पिवळी पडली, कळ्या गळाल्या. तेव्हापासून उजमा आणि मी दिवसाआड झारी घेऊन त्यांच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या चढतो. मॅडम मला काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी सुट्टीत गावाला जायचं रद्द करू का असं विचारलं. बाकीची त्रेसष्ट मी नर्सरीत कागदावर ठेवून बघितली, म्हणजे वर्तमानपत्राच्या घडीवर भरलेलं मडकं ठेवायचं. दाजींच्या मडक्याखाली दुपारपर्यंत कागद ओला व्हायचा. तुझ्या एकाही मडक्याखालचा कागद दुसऱ्या दिवशीही ओला झाला नाही. बाहेरून हात लावला तर मडकं तेवढंच गुळगुळीत आणि कोरडं.

आकार चांगला आहे. गळा चांगला आहे. भाजणी चांगली आहे. ही स्तुती नाही, तपासून लिहिते आहे. पण मडकं माझ्या कामाचं नाही.

सगळी पंच्याहत्तर या पत्रासोबत परत पाठवते आहे. बदलून दे. लोक मेच्या पहिल्या आठवड्यात गावाला निघतात, तेव्हा मला एप्रिल संपायच्या आत हवीत. मडक्यांऐवजी ठिबकच्या नळ्या बसवून देतो म्हणणारा एक जण मागं लागला आहे, त्याला मी अजून होकार दिलेला नाही आणि देणार नाही.

जमिला


देवगाव रंगारी
१३ एप्रिल २०२५

जमिला,

पत्र आणि पंच्याहत्तर मडकी पोचली. राजेंद्र म्हणाला, “मावशी, नेतो काय, आणतो काय, समजंना गड्या.” त्याला चहा दिला.

आधी राजकुमारचं सांगते. तुझं पत्र मी त्याला स्वतः वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, “आता?” मी म्हटलं, “मोडायची बोली मेची हाय. एप्रिल संपला का?” तो नाही म्हणाला. मग मी खाट फिरवली. मालकांना भट्टीकडं तोंड करून बसवलं आणि त्यांच्या मांडीवर माझं एक मडकं ठेवलं.

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा मडक्याच्या पोटावरून फिरवला. मग नखानं खरवडलं. मग माझ्याकडं बघून हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले, जमिला, आणि इतके हसले की ठसका लागला. उठले, कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर भुसा काढला आणि माझ्या गाळलेल्या मातीच्या गोळ्यावर फेकला. वरून मूठभर राख. मग माझा घोटायचा गोटा उचलला आणि चक्क रस्त्यावर भिरकावला. तिथून गोजरबाई येत होती, थोडक्यात वाचली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भुसा भट्टीत जळतो आणि त्याच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात. पाणी त्यातूनच वाट काढतं. मी लुगड्यातून गाळून ती भोकं होऊच दिली नाहीत, आणि जी चुकून राहिली ती घोटून बुजवली. तीस वर्षं मी त्या माणसाला कामचुकार समजत होते आणि तो मोजून भुसा टाकत होता. आणि फेब्रुवारीत खाट बडवत होता तो माझ्या हातात त्याचं काम बघवत नव्हतं म्हणून नाही, घोटू नको म्हणून सांगत होता! मी त्यांचं तोंड रस्त्याकडं केलं. बघ, मीही तेच केलं जे तू केलंस. आजारी आहे, वाईट वाटत असेल, म्हणून ते काय सांगतायत ते ऐकलंच नाही. आता मी तुझ्यावर किती दिवस रागावणार?

आता ते रोज समोर बसतात. माती झाली की पुढं धरते. ते चिमूट घेऊन बोटांत चोळतात. भुसा कमी असला की खाट बडवतात, बरोबर असला की डोळे मिटतात. राजकुमारनं चार दिवसांची रजा काढली आहे. भुसा चाळायला बसतो. काल म्हणाला, “आई, कंपनीत माल तपासणारा साहेब असतो, त्याच्यापेक्षा बापू कडक हायेत.”

परत आलेली मडकी माठ म्हणूनही कामाची नाहीत, झिरपल्याशिवाय पाणी गार होत नाही. गोजरबाईनं दोन नेली, चिंच भरून ठेवायला. बाकीची गावात मिठाला आणि लोणच्याला गेली. सगळ्या आळीत माझी चूक मांडणीवर चकाकते आहे.

पंधरा दिवस दे. मॅडमना सांग, गावाला जा.

तुझी,
पारू


देवगाव रंगारी
२७ एप्रिल २०२५

जमिला,

पंच्याहत्तर मडकी पाठवते आहे. दिसायला खडबडीत आहेत. दिवाणखान्यात ठेवता येणार नाहीत.

दर दहामागं एक कागदावर ठेवून बघितलं आहे, दुपारपर्यंत कागद ओला झाला. पण तू माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस. स्वतः बघ आणि जे असेल ते लिही.

मालकांनी काल ‘पारू’ म्हटलं. अर्धंच म्हटलं, पण मला पुरलं.

तुझी,
पारू


छावणी
२४ मे २०२५

श्रीमती पारूबाई कुंभार, देवगाव रंगारी, यांस,

आपण पाठवलेली पंच्याहत्तर मडकी मिळाली. सर्व मडकी पुरून तीन आठवडे झाले. तपासणीचा निकाल असा:

बाहत्तर मडकी उत्तम. सहाव्या-सातव्या दिवशी रिकामी होतात. भोवतालची माती हाताला ओली लागते. पंचवीसपैकी एकोणीस घरांना कुलूप आहे आणि आतापर्यंत एकही झाड गेलेलं नाही.

तीन मडकी नापसंत. एकाच्या गळ्याला चीर आहे, उभी, केसाएवढी. उरलेल्या दोहोंना रिकामं व्हायला दहा दिवस लागतात. त्यांत भुसा कमी पडला असावा. तिन्ही राजेंद्रच्या हाती परत पाठवली आहेत. पावसाळ्याआधी बदलून द्यावीत. इतक्या वर्षांच्या कारागिराकडून गळ्याची चीर नजरेतून सुटणं बरं नाही.

पुढील वर्षासाठी दीडशे मडक्यांची मागणी या पत्रासोबत नोंदवत आहे. कारागीर म्हणून नाव आपलं घातलं आहे.

आपली गिऱ्हाईक,
जमिला शेख

ता. क. पारू, सोनिया मॅडम परवा गावाहून आल्या. कुलूप उघडून बॅगसुद्धा खाली न ठेवता गच्चीवर गेल्या आणि तिथूनच मला फोन केला. फोनवर नुसत्या रडत होत्या. मी घाबरून धावत गेले. मोगऱ्याला अकरा कळ्या होत्या. त्यातली एक त्यांनी तुझ्यासाठी दिली आहे, चीर गेलेल्या मडक्यात ठेवली आहे. पोचेपर्यंत सुकेल, पण वास राहील.


देवगाव रंगारी
२९ मे २०२५

जमिला,

तक्रार पोचली.

मालकांना मोठ्यानं वाचून दाखवली. ‘गळ्याची चीर नजरेतून सुटणं बरं नाही’ याला त्यांनी जोरात मान हलवली, दुष्ट माणूस. राजकुमारनं पत्र हातात घेतलं आणि वरचं नाव कितीतरी वेळ वाचत बसला. मग आपणहून म्हणाला की पावसाआधी भट्टीवरचे पत्रे बदलून देतो, जुने गळतात. गोदामाचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आज चाकावर बसले. तीन मडकी पुढच्या आठवड्यात पाठवते, चीर बघून.

मोगऱ्याची कळी पोचली. पत्र खिळ्याला अडकवलं आहे, मालकांच्या २०१९ च्या पत्रावर. खिळा लहान पडतो आहे, राजकुमारला मोठा ठोकायला सांगितलं आहे.

पारूबाई कुंभार